मोरी ते मोरबी

माझं लग्न अकरा दिवसांत ठरलं होतं. नागपूरचं स्थळ आलं, रविवारी आम्ही जाऊन पोहे खाल्ले, मंगळवारी पत्रिका जुळली आणि पुढच्या गुरुवारी सुपारी फुटली. मुलगी एकच पाहिली. तिनेही मला एकदाच पाहिलं, तेही चहाच्या ट्रेवरून. त्या घाईच्या निर्णयाला यंदा ३१ वर्षं झाली. त्याच मुलीबरोबर ५ बाय ८ फुटांच्या न्हाणीघराची टाइल ठरवायला मात्र मला साडेचार महिने लागले.

सुरुवात जावयापासून झाली. आमचं घर रायपूरच्या तात्यापाऱ्यात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात जी मराठी माणसं छत्तीसगडात आली आणि परत जायचं विसरली, त्यांतले आम्ही. आजोबांनी बांधलेल्या या घरात वीज आली, नळ आला, गीझर आला, परवापरवा इंटरनेटही आलं; मोरी मात्र होती तशीच राहिली. खाली इथल्याच खाणीतली फरशी, कडेला वीतभर कठडा, आणि कोपऱ्यात बंबाचा काळा डाग. बंब मोडीत गेला त्याला वीस वर्षं झाली, डाग अजून घरचा आहे. दिवाळीला लेक-जावई पुण्याहून आले. अभ्यंगस्नान करून जावई बाहेर आले आणि केस पुसत म्हणाले, "बाबा, तुमचं बाथरूम एकदम व्हिंटेज आहे हं!"

मी खूश झालो. रात्री दिवा मालवल्यावर बायकोने मला त्या शब्दाचा अर्थ सांगितला.

"व्हिंटेज म्हणजे काय रे?" दुसऱ्या दिवशी आईने विचारलं.

"जुनं, पण चांगलं."

"मग मला कधी कुणी म्हणालं नाही ते," आई म्हणाली आणि त्या व्हिंटेज मोरीत पाय धुवायला गेली.

फेब्रुवारीत आम्ही रिंग रोडवरच्या एका शोरूममध्ये शिरलो. माझी कल्पना अशी होती, की दुकानात जायचं, टाइल मागायची, पैसे द्यायचे आणि येताना मुलीसाठी साबुदाण्याच्या पापड्या घ्यायच्या. काउंटरवरचा विशीतला मुलगा अदबीने म्हणाला, "अंकल जी, ग्लॉसी देखेंगे, मॅट देखेंगे, सॅटिन देखेंगे, कि शुगर देखेंगे?" शुगर म्हटल्यावर मी दचकलो, कारण माझा रिपोर्ट त्याच आठवड्यात आला होता. शुगर फिनिश म्हणजे हाताला साखरेसारखी कचकच लागणारी टाइल, हे कळेपर्यंत मी तीन वेळा 'नको' म्हणून झालो होतो. चौथ्यांदा बायकोने माझा हात टाइलवर घासून दाखवला.

मग नावं सुरू झाली. स्टॅच्युरिओ, कॅरारा, ओनिक्स, ट्रॅव्हर्टिन. ऐकताना टाइल निवडतोय की ऑपेरातले गवई, कळेना. मी भाबडेपणाने विचारलं, "हे इटलीहून येतं का?"

"नहीं अंकल जी, मोरबी से."

मोरबी हे गुजरातेत मच्छू नदीकाठचं गाव. देशातल्या बहुतेक सिरॅमिक टाइलांचा जन्म तिथला. मायकेलअँजेलोने आपला डेव्हिड कॅराराच्या संगमरवरातून काढला. त्याच संगमरवराच्या शिरा मोरबीत आता इंकजेट यंत्राने छापतात, आपण मुंजीच्या पत्रिका छापतो तशा. मग तो इटालियन दगड हजारावर किलोमीटर ट्रकमध्ये हिंदकळत रायपूरला येतो आणि एखाद्याच्या बादलीमागे आयुष्य काढतो. मोरी आणि मोरबी यांत फक्त एका 'ब'चा फरक आहे. तो 'ब' किती हजारांना पडतो, हे मला नंतर कळलं.

"घसरणार तर नाही ना?" बायकोने विचारलं. घरात ऐंशी वर्षांची सासू आणि साठीचा नवरा. दोन्ही बाजूंनी तिला धोका.

"आर टेन है आंटी जी, बेफिकर रहिए."

आर टेन म्हणजे काय ते मी घरी येऊन रात्री एक वाजेपर्यंत वाचलं. जर्मनीत एक चाचणी असते. टाइल लावलेल्या फळीवर तेल ओततात. एक माणूस बूट घालून, कमरेला दोर बांधून तिच्यावर चालतो. फळीचा उतार हळूहळू वाढवत नेतात आणि ज्या कोनाला तो घसरायला लागतो तो टिपून घेतात. १० ते १९ अंशांत घसरला तर ती टाइल आर टेन. अनवाणी पायांसाठी साबणाच्या पाण्याची निराळी चाचणी आहे, तिचे ए, बी आणि सी असे तीन वर्ग. एकूण काय, घसरणे हा तिकडे पगारी हुद्दा आहे. आमचे मधले काका हेच काम आयुष्यभर फुकट करत आले, आणि सांगायला वाईट वाटतं, कधीच कुणी कोन मोजला नाही.

दुसऱ्या फेरीला आम्ही आईला नेलं. घर तिचं, मोरी तिची. ती कॅराराला ओलांडून गेली, ओनिक्सकडे तिने पाहिलंही नाही, आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या एका टाइलसमोर जाऊन उभी राहिली. निळ्याशार लाटा आणि त्यांतून उसळी मारणारा एक डॉल्फिन.

"हे बघ रे, किती हसरं आहे!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ही नजर मला ३१ वर्षांच्या सरावाने वाचता येते. तीत लिहिलं होतं: तुमची आई, तुम्ही सांगा.

"आई, अगं रायपूरला समुद्र कुठे आहे? डॉल्फिन कसा शोभेल?"

"का? मरीन ड्राइव्ह आहे ना!"

यावर बोलायला जागा नव्हती. तेलीबांधा तलावाच्या काठाला आमचं अख्खं शहर मरीन ड्राइव्हच म्हणतं. संध्याकाळी तिथे गार वारा खाताना कुणालाच समुद्राची उणीव भासत नाही. एवढी कल्पनाशक्ती असलेल्या गावात एखादा डॉल्फिन खपून गेला असता. पण सुनेने "आई, तो लहान मुलांच्या शाळेत लावतात" असं सांगितलं आणि आईने तो विषय सोडला. सोडला म्हणजे पुढचे चार महिने रोज जेवताना काढला नाही, एवढंच. एक दिवसाआड काढला.

मग नमुने घरी आले. शोरूमवाला एकेक टाइल 'घर में देख लीजिए' म्हणून देतो. त्यामागे काय कावा असतो ते नंतर कळतं. ओसरीवर तुळशीवृंदावनाला टेकवून आठ टाइला उभ्या राहिल्या, आणि आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाला घराच्या कारभारात मत मिळालं. सकाळच्या उन्हात जी आवडायची ती रात्री ट्यूबखाली आजारी दिसायची. वहिनी हळदीकुंकवाला आल्या आणि त्यांनी आठांपैकी सात टाइला 'हॉस्पिटलसारख्या' ठरवल्या. आठवी उलटी ठेवलेली होती. दूधवाल्याला कुणी विचारलं नव्हतं. तो माप ओतता ओतता म्हणाला, "ये वाली अच्छी है भैया. पर मैं होता तो नहीं लगाता."

रंगाचं तर विचारू नका. मला आठांपैकी सहा पांढऱ्या दिसत होत्या. बायकोच्या मते त्या अनुक्रमे आयव्हरी, बोन, क्रीम, बेज, बिस्किट आणि ऑफव्हाइट होत्या, आणि त्यांतल्या दोन आपल्याला 'जात नाहीत'. कुणाला जात नाहीत, असं मी विचारलं. "गीझरला," ती म्हणाली. आपल्याकडेही मोतिया, चंदनी, बदामी, हस्तिदंती असे भरपूर शब्द आहेत, हे सांगून मी चर्चा मातृभाषेत वळवायचा प्रयत्न केला. आईने चष्मा पुसून सहाही टाइला पाहिल्या आणि निकाल दिला, "पिवळट."

भिलाईहून मेहुणे खास मार्गदर्शनाला आले. सिव्हिल इंजिनिअर; निवृत्त झाले तरी विषय निवृत्त झालेला नाही. "भाऊजी, रंग सोडा. पाणी किती पिते ते बघा. भिंतीची सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिते. व्हिट्रिफाइड अर्धा टक्कासुद्धा पीत नाही." पिण्याच्या बाबतीत मेहुण्यांचा हा काटेकोरपणा मी प्रथमच पाहत होतो. मग ते दारात उभे राहून होकायंत्र फिरवायला लागले. मोरी नैर्ऋत्येला आहे, तेव्हा टाइल कुठलीही लावा, फरक पडणार नाही, असं त्यांच्या शास्त्रात निघालं. साडेचार महिन्यांत मिळालेला हा एकमेव व्यवहारी सल्ला, पण त्या दिवशी आम्ही तो हसण्यावारी नेला.

लेकीने पुण्याहून व्हिडिओ कॉलवर काळी मॅट टाइल सुचवली. "आई, अगदी स्पा वाटेल." बायको दोन दिवस स्पामध्येच वावरत होती. तेवढ्यात चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात एका कार्यक्रमाला गेलो, तिथे तिची मैत्रीण भेटली. मैत्रिणीकडे दोन वर्षांपूर्वी काळी टाइल लागलेली. रायपूरच्या पोटात सगळा चुनखडीचा दगड. म्हणून तर आसपास इतके सिमेंटचे कारखाने. त्याच दगडातून झिरपून बोअरचं पाणी वर येतं, आणि जिथे वाळतं तिथे पांढरा थर ठेवून जातं. "अगं, महिन्याभरात भिंतीने भस्म फासलं," मैत्रीण म्हणाली. "आता रोज सकाळी आंघोळीला जाते तर वाटतं, कुणी नागा साधू उभाय समोर." स्पा तिथेच विसर्जित झाला.

अखेर टाइल ठरली ती अशी. जूनच्या मध्याला शोरूममधून फोन आला. "अंकल जी, वो जो आंटी जी ने तीन बार देखा था ना, उसकी बीसच पेटी बची है. देवेंद्र नगर की एक पार्टी माँग रही है."

घरात वीज चमकल्यासारखं झालं. साडेचार महिने जिला 'डल', 'पिवळट' आणि 'हॉस्पिटल' म्हणत होतो ती टाइल दुसऱ्याला हवी आहे म्हटल्यावर तिच्यात एकाएकी घराणं दिसायला लागलं. "मी पहिल्यापासून तेच म्हणत होते," बायको म्हणाली. "मीसुद्धा," मी म्हणालो. दोघंही खोटं बोलत होतो. स्कूटरवरून आम्ही ज्या वेगाने शोरूमला गेलो, त्या वेगाने मी तिच्या बाळंतपणात इस्पितळात गेलो नव्हतो, ही आठवण तिने वाटेत दोनदा करून दिली. देवेंद्र नगरची ती पार्टी खरोखरच होती की नाही, देव जाणे. असली तर तिला आमचा नमस्कार.

वीस पेट्या पुरतील का, हा प्रश्न बिल झाल्यावर निघाला. मी गणितात हुशार. चार भिंती मिळून लांबी २६ फूट, उंची ७ फूट, झाले १८२ चौरस फूट. दाराचे १७ वजा, राहिले १६५. एका पेटीत बारा बाय चोवीस इंची पाच टाइला. खरं माप ३०० बाय ६०० मिलिमीटर, म्हणजे बारा इंचाला किंचित कमीच. पेटी भरते ९.६९ चौरस फूट. उत्तर: सतरा पेट्या आणि वर चिमूटभर. मेहुण्यांनी फोनवर तुटफुटीचे दहा टक्के धरून एकोणीस सांगितल्या. मिस्त्रीने दारात उभं राहून, आत न शिरता, एक डोळा मिटून मोरीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाईस पेटी लागही भैया." शिकल्यासवरल्या माणसांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

फोडाफोड दोन दिवसांत झाली. फोडायला आपल्याकडे कुणालाच वेळ लागत नाही. जुनी फरशी मात्र फुटेना. चार माणसांनी पहारी लावून ती अख्खी उचलली आणि परसात पेरूखाली नेऊन टाकली. आणि पाऊस सुरू झाला.

पाऊस पडला की रायपूरचा मिस्त्री शेतकरी होतो, हे मला ठाऊक असायला हवं होतं. धानाचं रोपण लागलं, मिस्त्री गावी गेला. "काली आहूं भैया" असं सांगून गेला. छत्तीसगडीत 'काली' म्हणजे उद्या, आणि 'काली' म्हणजे कालसुद्धा. नेमकं कोणतं ते संदर्भावरून ओळखायचं. आठवडा झाल्यावर मी संदर्भ ओळखला. मग हरेली आली, म्हणजे आपली दिव्यांची अवस. त्या दिवशी नांगर-कुदळीची पूजा, तेव्हा थापीला हात लावणं पाप. मग पोळा. या दोन अमावास्यांच्या मधल्या कोरड्या दिवसांत तीन भिंती झाल्या. तेवढ्यात तीजा आली आणि मसाला कालवणारी रेजा गायब.

"कुठे गेली?"

"तीजा माने बर मइके गे हे."

तीजा म्हणजे आपली हरितालिका. इथे तीजेला बाई माहेरी गेली की तिला बोलवायची हिंमत यमालाही नाही. आणि हरितालिकेच्या दुसऱ्या दिवशी गणपती! आमच्याकडे गणपती बसतो, चाळीस माणसं दर्शनाला येतात, आणि मोरीची चौथी भिंत उघडीबोडकी. गेले दोन महिने घरातले सगळे परसात, पेरूखाली, त्या जुन्या फरशीवर बसून पावसात आंघोळ करत होतो. आई म्हणाली, "व्हिंटेज ते व्हिंटेजच."

शेवटी मिस्त्री एकटाच आला. हरितालिकेच्या दुपारी चार वाजता आतून आवाज आला, "भैया, तीन कम पड़ गे."

शंभर टाइला कुठे गेल्या याचा हिशेब लागला. सात वाटेत फुटल्या. पाच कापताना गेल्या. दोनांवर मिस्त्री बसत होता. एकीवर मसाला कालवलेला, एकीवर विडीची थोटकं मांडून ठेवलेली. त्यात त्याने काम सुरू केलं होतं ते दारामागच्या भिंतीपासून. तिथे, जिथे देवालासुद्धा दिसणार नाही, एकेक टाइल अशी बसवलेली, की सांध्यातून मुंगी जाऊ नये. कमी पडलेली तीन भोकं नेमकी समोर, दार उघडल्याबरोबर डोळ्यांत भरतील अशी. मी शोरूमला फोन लावला. त्या शेडचा माल संपलेला. पुढच्या लॉटची शेड निराळी येते; आणि तो लॉट मोरबीत.

"लेकिन अंकल जी, उसी साइज में डॉल्फिन पड़ा है. पूरी पेटी लेनी पड़ेगी."

मी फोनवर हात ठेवून बायकोकडे पाहिलं. तिने गणपतीच्या मखराकडे पाहिलं. आई जपमाळ ओढत होती. तिने कुणाकडेच पाहिलं नाही, पण माळेचा वेग वाढला.

तासाभरात समोरच्या भिंतीवर तीन डॉल्फिन ओळीने उसळ्या मारायला लागले. मिस्त्री मागे सरून, मान तिरकी करून म्हणाला, "अड़बड़ सुग्घर दिखत हे!" एवढ्या वर्षांत कुठल्याच कारागिराला आपल्या कामाचा एवढा आनंद झालेला मी पाहिला नव्हता.

ढाल तपासायला बादलीभर पाणी ओतलं. आम्ही सगळे दारात उभे राहिलो, एखाद्या यज्ञात पूर्णाहुती पाहावी तसे. पाणी क्षणभर विचारात पडलं, मग उंबऱ्याकडे चालत आलं आणि बायकोच्या पायांना लागलं. "नहानी ट्रॅप उधर है," मी मिस्त्रीला म्हणालो. साडेचार महिने इटालियन नावं ऐकल्यावर हा एक ट्रॅप तेवढा आपल्या न्हाणीवरून नाव घेतलेला; आणि पाणी नेमकं त्याच्याकडे जायला तयार नाही. "थोड़कन टाइम लागथे भैया," मिस्त्री शांतपणे म्हणाला. आजही आंघोळ झाली, की आम्ही खराट्याने पाण्याला वाट दाखवतो. ऐकतं बिचारं.

गणपतीत चाळीस माणसं आली. सगळ्यांनी हात धुतले. बायको प्रत्येकाच्या मागे दिवा लावायला म्हणून जाई आणि दारात रेंगाळे. साडेचार महिन्यांच्या त्या मोतिया-बदामी-बिस्किट रंगाकडे एकाचंही लक्ष गेलं नाही. वहिनी बाहेर आल्या त्या, "अय्या, डॉल्फिन! कुणाची गं आयडिया?" असं विचारतच. जावईबापूंनी तर फोटो काढून पुण्याला पाठवले. आई देवापुढे बसून वाती वळत होती. "मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "मी आपली पिवळट म्हणणारी बाई."

पेटीत डॉल्फिन पाच आले होते, त्यांतले दोन उरले आहेत. फोडलेली पेटी शोरूमवाला परत घेत नाही. माप बारा बाय चोवीस, फिनिश ग्लॉसी, न वापरलेले. परसात पेरूखाली जुन्या फरशीला टेकवून ठेवलेत. कुणाच्या मोरीत जागा असेल, तर तात्यापाऱ्यात संध्याकाळी सहानंतर येऊन न्यावेत, पैसे नकोत. मात्र एकच मागू नये. आई म्हणते, जोडी आहे.